रविवार अंगावर येतो म्हणालास म्हणून

भाऊबीजेला ताटावरून उठता उठता तू म्हणालास, "आत्या, हल्ली रविवार अंगावर येतो." घरात माणसं होती, म्हणून तेव्हा मी काही बोलले नाही. पण अंगावर येणारा दिवस म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. शाळेतून निवृत्त झाले त्या वर्षी माझे सातही वार तसेच होते.

तुझी मुलगी शिकायला पुण्याला गेली. हापिसातलं काम आता डोळे मिटून होतं. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला अशा वेळी जो तो सांगतो, छंद लावून घे. तो लावायचा कसा, ते मात्र कुणी सांगत नाही. मला जे उमगलंय ते तुला सांगते.

आधी काही विकत आणू नकोस. मी पेटी आणली होती, चांगली डबल रीडची. शेजारच्या वहिनी वाजवतात, किती छान दिसतं, एवढाच माझा विचार. सहा महिने शिकवणी केली आणि मग पेटीवर पांघरूण पडलं ते पडलंच. पेटीचा काही दोष नव्हता. ती ओढ वहिनींची होती, माझी नव्हती. दुसऱ्याला शोभतं म्हणून घेतलेलं काम आपल्या हाताला लागत नाही. महिना-दोन महिने फुकटात जे होईल ते कर, त्यानंतरही सकाळी त्याची आठवण आली तर मग पैसे काढ.

मग हे शोधायचं कुठे? आपण जिथून रोज जातो आणि जिथे थांबायचं राहून गेलं, तिथे. माझं असं झालं. नोकरीच्या सुरुवातीला मी सड्यावरच्या, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारावरच्या, एका वाडीत शिकवत होते. तिसरीतला एक मुलगा पाढे म्हणता म्हणता मध्येच म्हणाला, "बाई, आमच्या सड्यावर हत्ती हाय. दगडातला." मी त्याला म्हटलं, पाढा पुरा कर आणि खाली बस. तो बसला. त्यानंतर पंचवीस-तीस वर्षांनी सड्यांवर कोरलेल्या जुन्या चित्रांची, कातळशिल्पांची बातमी वाचली, तेव्हा वर्तमानपत्र हातात धरून मी कितीतरी वेळ ओटीवर बसून होते. त्या मुलाने मला बोलावलं होतं आणि मी गेले नव्हते.

ज्यांनी ही चित्रं शोधली तीही आपल्या रत्नागिरीचीच, आपापला व्याप सांभाळणारी माणसं. सुधीर रिसबूड पेशाने इंजिनिअर, त्यांच्याबरोबर धनंजय मराठे आणि भूगोलाचे प्राध्यापक डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई. पक्षी बघायची आवड होती, त्यापायी सडे पालथे घालणं होतंच. निवळीजवळ हमरस्त्याच्या कडेला एक चित्र होतं, त्याच्या शेजारून मुंबई-गोव्याच्या गाड्या धावत होत्या. एक रस्त्यावर आहे तर आणखीही असतील, एवढ्या विचारावर ही मंडळी सुटीचे दिवस घालवू लागली. गुराख्यांना विचारलं, म्हाताऱ्या माणसांना विचारलं. शाळेतल्या मुलांना सांगितलं, घरी जाऊन आजीआजोबांना विचारा. हे वाचलं तेव्हा माझ्या पोटात कालवलं. आज सत्तरच्या आसपास ठिकाणी दीड हजारांवर आकृत्या नोंदल्या गेल्यात. २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कोकणातली नऊ ठिकाणं गेली. त्यातली उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही सात आपल्या जिल्ह्यातली. कशेळीचा हत्ती १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर कितीतरी प्राणी कोरलेत. कुठे गेंडाही आहे. कोकणात गेंडा बघितलेला माणूस आज मिळायचा नाही, पण कोरणाऱ्याने तो बघितलेला असणार. जांभ्यावर उभं राहून याचा विचार करायला लागलं की रविवार कधी कलला ते कळत नाही.

तू सड्यावरच फिरायला हवंस असं माझं म्हणणं नाही. तुला भाट्याच्या खाडीतली होडी ओढून नेईल, नाहीतर गावच्या नमनातला मृदंग. पण लहानपणी आजोळी सड्यावर पालथा पडून कातळाच्या खळग्यातल्या बेडूकमाशांना तासन्‌तास बघणारा मुलगा मी पाहिलाय. तिथून सुरुवात करून बघ.

आणि आपलं कसब बरोबर ने. मोठेपणी छंद लावून घेण्यात हा फायदा आहे, आपण कोऱ्या पाटीने जात नाही. माझ्या हाताला फळ्यावरच्या आकृत्यांची सवय होती, म्हणून मी चित्रं उतरवायला लागले. कातळात खुंटी ठोकता येत नाही, तेव्हा सुतळीच्या दोन्ही टोकांवर चिऱ्याचे तुकडे ठेवायचे. आडव्या-उभ्या सुतळ्या फुटाफुटावर ताणल्या की चौकोन पडतात, आणि एकेक चौकोन आलेखाच्या कागदावर घ्यायचा. एका हरणाला मला चार रविवार लागले. तिसऱ्या रविवारी मान काढताना कळलं की ते मागे वळून बघतंय. नुसता फोटो काढून आले असते तर ते मला कधी दिसलं नसतं. तू हिशेबनीस आहेस. कुठलं चित्र, कुणाची जमीन, कुणी दाखवलं, गवत कधी होतं, याची वही तुझ्याइतकी चोख कुणी ठेवणार नाही.

चित्र बघायचं तर सकाळी लवकर किंवा उन्हं उतरताना. तिरपं ऊन पडलं की रेषेच्या एका काठाला सावली धरते आणि आकार वर येतो. माथ्यावर सूर्य असताना त्याच जागी नुसता काळा कातळ दिसतो, आणि माणूस इथे काही नाही म्हणून परत फिरतो. माती साठली असेल तर खराट्याने हलकेच झाडायची. रेषा उठून दिसावी म्हणून खडूने किंवा चुन्याने रंगवतात, ते कधी करायचं नाही. चपला काढूनच आत पाय ठेवायचा. आधी जमीनवाल्याला विचारायचं. सातबाऱ्यावर वीस नावं असली तरी वाडीतल्या निदान एका जाणत्याच्या कानावर घालायचं. चिरेखाणीत किती चित्रं गेली असतील याचा विचार केला की मला झोप लागत नाही, आणि जी राहिलीत ती वाडीनेच राखलीत. उक्षीला गावाने पुढाकार घेऊन आपलं चित्र जपलंय, ते एकदा बघून ये.

फुरशाचं भान ठेव. पहिल्याच वर्षी मी बसायला म्हणून एक सुटा चिरा उचलायला वाकले, तेवढ्यात बरोबरच्या गुराख्याने काठी माझ्या हातापुढे आडवी धरली. त्याने काठीनेच चिरा उलटला. खाली वीतभर फुरसं वेटोळं करून होतं, त्याच्या अंगाचा करकर आवाज येत होता. तो पोर जेमतेम पंधरा वर्षांचा. त्या दिवसापासून सड्यावर तो माझा गुरू. तुलाही तुझ्याहून लहान, कमी शिकलेल्या माणसाकडून शिकावं लागेल. त्याला अरेतुरे करू नकोस. त्याने सांगितलेली गोष्ट त्याच्या नावावर वहीत लिही.

घड्याळी दोन तास ठरव, जास्त नको. सुरुवातीला हौसेने दिवसच्या दिवस घालशील आणि पुढच्या रविवारी घरच्यांची तोंडं पाहून जायचं टाळशील. बायकोला आधी सांग. यायची असेल तर ने, नसेल तर आग्रह नको. आणि एक पुरं वर्ष दे. आपल्याकडे ऋतू बदलला की सडाच बदलतो. जूनच्या पहिल्या सरींनंतर दीपकाडीची पांढरी फुलं येतात, श्रावण-भाद्रपदात सीतेच्या आसवांनी कातळ निळाजांभळा होतो, मग गवत चित्रं झाकून टाकतं. चैत्रात दहाच्या पुढे पाय ठरत नाही. एका ऋतूत कंटाळा आला म्हणून सोडशील तर उरलेला सडा बघायचा राहील.

पावसात बाहेर पडता येत नाही तेव्हा जिल्हा नगर वाचनालयात जाऊन बस. १८२८ सालचं वाचनालय आपल्या गावात आहे आणि तुझं तिथे खातं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता गवत कापून झालंय, हवाही बरी आहे. येत्या रविवारी पहाटे साडेपाचला माझ्याकडे ये. पूर्ण पँट, बूट आणि पाण्याच्या दोन बाटल्या आण, कॅमेरा नको. खराटा, सुतळी आणि दोन घावनं मी घेते. त्या तिसरीतल्या मुलाची वाडी आता मला सापडली आहे. तो तिथेच असतो, आता नातवंडांचा आजा झालाय. तो हत्ती आपल्याला दाखवायला येतो म्हणालाय.