जखम भरायच्या आधी कागद भरा

ये पोरी, बस. आधी पाणी पी. परवा तुरुंगातल्या मुलाकतीत काचेपलीकडून भावाने फोन डाव्या हाताने धरला आणि उजवा हात शेवटपर्यंत वर उचलला नाही, हे तुझ्या आईने मला सांगितलं. विचारलंस तर म्हणाला, 'पडलो.' मी काही वकील नाही. पण ३८ वर्षं फौजदारी वकिलांचा कारकून होतो. कोर्टात बोलतात ते वकील. ज्या कागदावर बोलायचं, तो आणून देतो तो कारकून. मला हे काम शिकवणारे म्हातारे कारकून म्हणायचे, 'जखम आपोआप भरते, कागद आपल्याला भरावा लागतो आणि भरपाई कागद बघून मिळते.' तेच आज तुझ्या कानात सांगतो. वही काढ आणि लिहून घे.

पहिली गोष्ट: 'पडलो' म्हणाला म्हणून त्याच्यावर चिडू नकोस

मुलाकत संपली की तू रिक्षाने घरी येतेस, त्याला मात्र त्याच बराकीत परत जायचं असतं. म्हणून तो पडलेलाच असतो. 'बाथरूममध्ये पाय घसरला' हे वाक्य मी इतक्या केस पेपरांवर वाचलंय, की जगातल्या सगळ्या निसरड्या फरशा तुरुंगातच बसवल्यात की काय असं वाटावं.

असा एक केस पेपर मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. वरच्या ओळीत कारण लिहिलेलं: पाय घसरून पडल्याने. खाली त्याच डॉक्टरने जखमांची मापं घेतलेली. दोन्ही हातांवर, कोपरापासून मनगटापर्यंत, बाहेरच्या बाजूने पाच वळ, प्रत्येकाची लांबी-रुंदी आणि रंग. आता तूच सांग, घसरणारा माणूस कशावर पडतो? तळहातावर, गुडघ्यावर, ढुंगणावर. हाताच्या बाहेरच्या बाजूला वळ कोणाला उठतात? जो डोकं वाचवायला दोन्ही हात आडवे धरतो त्याला. कारण सांगितलं होतं सोबत आलेल्या शिपायाने, मापं घेतली होती डॉक्टरने, आणि एकाच पानावर दोघे एकमेकांना खोटं पाडत होते. त्या पानावर आमची सगळी केस उभी राहिली. म्हणून केस पेपरावरचं कारण वाचून हिरमुसू नकोस. खालची मापं वाच.

दुसरी गोष्ट: सगळ्यात आधी कोर्टाला कळव

तुझा भाऊ न्यायबंदी आहे. शिक्षा लागलेली नाही, केस चालू आहे. म्हणजे तो तुरुंगात असला तरी कोर्टाच्या हुकमाने तिथे आहे. त्याची तब्येत ही त्या कोर्टाचीही जबाबदारी आहे. पुढच्या तारखेची वाट बघू नकोस. वकिलांना सांगून उद्याच अर्ज दे: बंदीच्या उजव्या हाताला दुखापत आहे, त्याची सरकारी रुग्णालयात तपासणी करून एक्स-रेसह अहवाल मागवावा. अर्जात आरोप थोडा आणि मागणी स्पष्ट ठेव.

तारीख व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओवर, असेल तर त्याला निरोप दे, की पडद्यावर जज साहेब दिसले की हात दाखव आणि मोठ्याने बोल. वकिलांनी लगेच म्हणायचं, 'हे रोजनाम्यात घ्यावं.' रोजनामा म्हणजे कोर्टाच्या कामाची रोजची नोंद. त्यात आलं की ते घडलं. नाही आलं तर सहा महिन्यांनी कोणालाच आठवत नाही. मग रोजनाम्याची नक्कल काढ. दोन काढ, एक घरात ठेव.

आपल्या मुंबईतल्याच महिला कैद्यांची गाऱ्हाणी घेऊन शीला बर्से नावाच्या पत्रकार बाई सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. १९८३ च्या त्या निकालात सांगितलंय, की अटक केलेल्या माणसाला समोर आणल्यावर कोठडीत मारहाण झाली का, हे मॅजिस्ट्रेटने स्वतः विचारायचं आणि वैद्यकीय तपासणीचा त्याचा हक्कही त्याला सांगायचा. तो निकाल पोलीस कोठडीबद्दलचा. पण धडा सगळ्यांनाच लागू: विचारलं तर सांगायचं आणि नाही विचारलं तरी सांगायचं.

तिसरी गोष्ट: कागद कुठे कुठे पडलेत ते ओळख

तुरुंगात माणूस दाखल झाला की त्याची तपासणी होते आणि अंगावरच्या जखमा, खुणा वहीत लिहिल्या जातात. ही रीत १८९४ च्या कारागृह कायद्यापासूनची आहे. त्या दिवशीच्या नोंदीत उजवा हात धड असेल, तर हात आतच मोडला हे सांगायला दुसरा साक्षीदार लागत नाही. म्हणून दाखल होतानाची नोंद हा तुझा पहिला कागद.

दुसरा, तुरुंगातल्या दवाखान्याचा केस पेपर. तिसरा, बाहेर नेलं असेल तर त्या रुग्णालयाचा. येरवड्याच्या बंदीला ससूनला नेतात, आर्थर रोडच्या बंदीला जे. जे.ला. तिथे एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायच्या जखमेची नोंद, झाली असेल तर तिचा नंबर घे. चौथा, सीसीटीव्ही. जुन्या चित्रणावर काही दिवसांनी नवं चित्रण चढतं. म्हणून अमुक तारखेचं, अमुक बराकीबाहेरचं चित्रण जपून ठेवावं, असं पत्र अधीक्षकांना आजच स्पीड पोस्टाने पाठव आणि पोचपावती वहीत चिकटव. चित्रण मिळालं तर उत्तमच. पत्र पोचल्यावर ते पुसलं गेलं, तर का पुसलं याचं उत्तर त्यांना द्यावं लागतं.

कागद देत नसतील तर माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लाव. साधं उत्तर ३० दिवसांत यायला हवं. प्रश्न जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा असेल तर ४८ तासांत. दुसऱ्याच्या आजारपणाचे कागद आहेत म्हणून अर्ज परत करतील. ते टाळायला भावाच्या सहीचं अधिकारपत्र सोबत जोड. वकीलपत्रावर जेलरसमोर सही होते, तेव्हाच यावरही घे.

चौथी गोष्ट: 'तक्रार नाही' या जबाबापासून सावध

तू अर्ज दिलास की आत हालचाल होईल. कोणीतरी भावासमोर टाइप केलेला कागद ठेवेल: 'माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.' सही केली तर तोच कागद कोर्टात तुझ्या तोंडावर येईल. त्याला आधीच सांगून ठेव, की वकिलांना विचारल्याशिवाय सही नाही. भीतीने केलीच, तर पुढच्याच तारखेला कोर्टात सांगायचं, की सही कोणत्या दिवशी, कोणासमोर, कशी घेतली. लगेच सांगितलं तर पटतं, वर्षाने सांगितलं तर बनाव वाटतो.

त्याला धोका वाटत असेल तर त्याच अर्जात दुसऱ्या बराकीत किंवा दुसऱ्या कारागृहात हलवण्याची मागणी घाल. आणि मारणारे शिपाई नसून दुसरे बंदी असले तरी सरकार मोकळं होत नाही. ज्याला कोंडून ठेवलंय तो पळून जीव वाचवू शकत नाही, म्हणून त्याला सांभाळायचं काम कोंडणाऱ्याचं. तिथे प्रश्न एवढाच येतो: धोका आधी कळवला होता का? म्हणून 'मला अमुक लोकांची भीती वाटते' असं त्याने कधी पत्रात लिहिलं असेल, तर ते पत्र सोन्यासारखं जप.

पाचवी गोष्ट: दारं चार आहेत, चारही एकदम ठोठावू नकोस

वकिलांची फी परवडत नाही म्हणालीस. कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळतो, तोही उत्पन्न न बघता. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्यातच ते लिहिलंय. जिल्हा न्यायालयात त्यांचं कार्यालय असतं, किंवा १५१०० वर फोन कर. हे पहिलं दार.

दुसरं, मानवी हक्क आयोग. राज्याचा आयोग मुंबईत आहे. तक्रारीला फी नाही, वकील नको, मराठी चालते. पण घटनेला वर्ष उलटलं की आयोग हात घालत नाही. आणि राज्य आयोगात तक्रार चालू असेल तर तीच दिल्लीच्या आयोगात टाकू नकोस. एकीकडे चालू आहे म्हणून दुसरीकडे बंद होते. आयोग भरपाईची शिफारस करतो. पुढे सरकारकडे पाठपुरावा तुलाच करावा लागेल.

तिसरं, उच्च न्यायालय. राज्यघटनेच्या २२६ कलमाखाली रिट अर्ज. जिथे कागद बोलके आहेत आणि वादाला फारशी जागा नाही, तिथे हे दार लवकर उघडतं. जिथे 'पडला की मारलं' एवढाच झगडा उरतो, तिथे न्यायालय म्हणतं, पुरावा द्या, दिवाणी कोर्टात जा. ते चौथं दार. तिथे सरकारला आधी नोटीस द्यावी लागते, मग दोन महिने थांबावं लागतं. मुदतीचे हिशेब वकिलांवर सोड. पण तू तुझ्यापुरतं एकच धर: जे करायचं ते वर्षाच्या आत.

शिक्षा लागलेल्या बंदीला, म्हणजे शिक्षाबंदीला, तुरुंगाच्या कारखान्यात काम असतं. तिथे करवतीत बोटं गेली तर हाच रस्ता, फक्त कागद वेगळे: त्या दिवसाची कामाची हजेरी, कोणतं यंत्र, देखरेखीला कोण होतं. कैद्याला कामावरच्या इजेची भरपाई बाहेरच्या कामगारापेक्षा कमी दर्जाची नसावी, असं संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांतही आहे. आणि देव न करो, पण आत कोणाचा मृत्यूच झाला, तर महाराष्ट्र मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये धोरण मंजूर केलंय: काम करताना अपघात, कर्मचाऱ्यांची मारहाण, आपसातली मारामारी किंवा वैद्यकीय हलगर्जी यांनी मृत्यू झाला तर वारसांना ५ लाख, आत्महत्या असेल तर १ लाख. आजारपणाने किंवा म्हातारपणाने गेलेल्याला त्यात काही नाही.

सहावी गोष्ट: नुकसान मोजून माग

'योग्य ती भरपाई मिळावी' असं लिहू नकोस. भाऊ फर्निचरचं काम करायचा ना? रोज काय मिळायचं, त्याचा मालकाकडून कागद आण. औषधाच्या, प्रवासाच्या पावत्या ठेव. हाताला कायमचं अधूपण राहिलं, तर सरकारी रुग्णालयाचं टक्केवारीचं प्रमाणपत्र घे. सुताराचा उजवा हात किती टक्के गेला, यावर आकडा ठरतो. आणि एक तीळही वाढवून सांगू नकोस. भांडण त्यानेच काढलं असेल तर तेही वकिलांना सांग. एक खोटं सापडलं की नऊ खरी वाया जातात. 'आत माझी ओळख आहे, वीस हजार द्या' म्हणणारा मुलाकतीच्या रांगेत भेटेलच. त्याला चहासुद्धा पाजू नकोस.

आकड्याची आसही बेतानेच धर. बिहारमधला रुदुल साह १९६८ मध्ये निर्दोष सुटला होता, तरी १४ वर्षं तुरुंगातच राहिला. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये त्याला सगळे मिळून ३५ हजार रुपये दिले. १४ वर्षांचे ३५ हजार! पण त्या निकालाने वाट पडली. पुढे ओडिशातल्या निलाबती बेहेरा या आईने आपला २२ वर्षांचा मुलगा पोलिसांच्या ताब्यात गेला आणि रेल्वे रुळांवर त्याचं प्रेत सापडलं, म्हणून सर्वोच्च न्यायालयाला नुसतं पत्र लिहिलं. पोलीस म्हणाले, पळून गेला आणि गाडीखाली आला. डॉक्टरांनी लिहिलेल्या जखमांनी ते खोटं पाडलं. १९९३ मध्ये दीड लाख रुपये द्यायचा हुकूम झाला, आणि अशा प्रकरणात सरकारला 'आम्ही सरकार आहोत' म्हणून हात झटकता येणार नाहीत, हेही ठरलं. बघ, तिथेही शेवटी उपयोगी पडली ती डॉक्टरांची नोंदच.

लोक म्हणतील, गुन्हेगाराला कसली आलीय भरपाई. त्यांच्याशी वाद घालू नकोस. शिक्षा म्हणून कोर्ट माणसाचं स्वातंत्र्य घेतं. हात मोडायची शिक्षा कुठल्याच कोर्टाने दिलेली नसते, आणि तुझ्या भावाला तर अजून कुठलीच नाही. मात्र भरपाई मिळाली म्हणून मूळ केस सुटत नाही, हेही घरच्यांना समजावून सांग.

तिहारमध्ये फाशीची शिक्षा झालेल्या सुनील बत्राने वॉर्डरने दुसऱ्या कैद्याच्या केलेल्या छळाबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं होतं, आणि १९७९ मध्ये न्यायालयाने तेच पत्र अर्ज म्हणून चालवलं. त्याच्याजवळ होता तेवढाच कागद त्याने भरला. तुझ्याजवळ तर अख्खी वही आहे.

आता पहिल्या पानावर आजची तारीख टाक. खाली लिही: मुलाकतीचा दिवस, वेळ, त्याने फोन कोणत्या हाताने धरला, तो काय म्हणाला. 'पडलो' म्हणाला, तर 'पडलो' असंच लिही. खाली सही कर, आणि उद्या अकराच्या आत कोर्टात जा.