गुडघेदुखीच्या पुड्या आणि मूत्रपिंडावरची ग्रंथी

2019 सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. साठी उलटलेल्या एका शेतकरी गृहस्थांना त्यांच्या मुलाने जीपमधून उचलूनच दवाखान्यात आणले. दोन दिवस ताप, उलट्या आणि आता उभेही राहवेना. रक्तदाब 80/50. उलट्यांनी अंगातले पाणी कमी झाले असेल असे समजून मी सलाईन लावले. दोन बाटल्या गेल्या तरी रक्तदाब जागचा हलेना. रक्तातली साखर पाहिली तर 58. मधुमेह नाही, त्याची गोळीही नाही. मग साखर इतकी खाली का?

तेव्हा कुठे मी त्यांच्याकडे नीट पाहिले. चेहरा गोल गरगरीत, पोट सुटलेले, हातपाय मात्र काटक्या. कातडी कागदासारखी पातळ आणि दंडावर जांभळे डाग. त्यांच्या पत्नीला विचारले, "मावशी, काका कसली औषधं घेत होते?"

"तुमची नाहीत, डॉक्टर. बाजाराच्या दिवशी एक जण गुडघ्याच्या पुड्या द्यायचा. दोन वर्षं झाली, रोज एक. लई गुण होता. गेल्या आठवड्यात तो आलाच नाही."

उलगडा झाला. शिरेतून 100 मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन दिले. संध्याकाळी रक्तदाब 110 वर आला आणि काकांनी चहा मागितला. मला लाज वाटावी अशी बाब पुढे आहे. दोनच महिन्यांपूर्वी ते खोकल्यासाठी आले होते, तेव्हा "काका, तब्येत बरी धरली हो" असे मीच म्हणालो होतो!

नेमके काय घडले ते कळायला अंतःस्रावी ग्रंथींचा कारभार थोडा पाहिला पाहिजे. लाळेच्या किंवा घामाच्या ग्रंथींना नळी असते. या ग्रंथींना नसते. त्यांचा स्राव थेट रक्तात मिसळतो आणि दूरच्या अवयवाला काम सांगतो. या निरोप्यांना स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने 1905 साली 'हॉर्मोन' म्हटले. आपण संप्रेरक म्हणतो. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक अधिवृक्क ग्रंथी बसलेली असते, वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. तिचे एक संप्रेरक म्हणजे कॉर्टिसॉल. रक्तदाब टिकवणे, उपाशीपोटी साखर खाली जाऊ न देणे, दाह आवरणे ही त्याची कामे. पहाटे ते वाढते, मध्यरात्री सर्वांत कमी असते. ताप, अपघात, शस्त्रक्रिया अशा संकटात ग्रंथी ते कितीतरी पट जास्त सोडते.

किती सोडायचे हे मात्र ती स्वतः ठरवत नाही. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी आहे. रक्तात कॉर्टिसॉल कमी झाले की मेंदूकडून तिला इशारा मिळतो आणि ती अधिवृक्क ग्रंथीला हुकूम सोडते. भरपूर झाले की हुकूम थांबतो. थायरॉइडचा कारभारही याच धर्तीचा. स्वादुपिंड मात्र पियुषिकेला विचारत बसत नाही, रक्तातली साखर स्वतःच पाहून इन्शुलिन सोडते.

आता समजा, घरी रोज बाहेरून डबा येऊ लागला. हळूहळू चूल पेटवणे बंद होते, सरपण संपते, डब्यात पीठ उरत नाही. मग एके दिवशी डबा आलाच नाही, आणि त्याच दिवशी दहा पाहुणे दारात! काकांचे तेच झाले. अशा बिननावाच्या पुड्यांत पुष्कळदा प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोनची भुकटी असते. ही कॉर्टिसॉलचीच भावंडे. प्रेडनिसोलोनची 5 मिलिग्रॅमची गोळी सुमारे 20 मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनच्या बरोबरीची. दोन वर्षे बाहेरचा पुरवठा पाहून पियुषिकेने हुकूम थांबवला आणि अधिवृक्क ग्रंथी आक्रसली. पुडी बंद झाली, त्यात ताप आला, आणि शरीराजवळ शिल्लक काहीच नव्हते.

म्हणून स्टेरॉइड विष आहे असे कोणी समजू नये. 1948 साली अमेरिकेत डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका तरुणीला कॉर्टिसोन टोचले आणि काही दिवसांत ती चालू लागली. 1950 चे नोबेल पारितोषिक हेंच, केंडॉल आणि राइखस्टाइन या तिघांना मिळाले. 2020 मध्ये कोरोनाच्या प्राणवायूवर असलेल्या रुग्णांचे प्राण वाचवण्यात डेक्सामेथासोनचा मोठा वाटा होता. दम्याच्या पंपातले स्टेरॉइड तर अत्यल्प असते. त्याला भिऊन पंप टाकणारे रुग्ण पाहिले की मला राग येतो. दोन वर्षांच्या पुड्यांना गुण म्हणणारे शेजारी त्याच पंपाला नावे ठेवतात!

तेव्हा हे लक्षात ठेवा. तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त दिवस स्टेरॉइडची गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने एकदम बंद करू नका. डॉक्टर ती पायरीपायरीने उतरवतील. बिननावाची पुडी बरेच दिवस घेतली असेल तरी गुपचूप थांबवू नका, उरलेली पुडी घेऊन डॉक्टरांकडे या. आम्ही रागावू, पण उपचार करू. ताप आला, उलट्या होऊन गोळी पोटात टिकेना किंवा शस्त्रक्रिया ठरली, तर 'मी स्टेरॉइड घेतो' हे पहिल्या वाक्यात सांगा. तशी चिठ्ठी खिशात असलेली बरी.

काकांना मी जिल्ह्याच्या ठिकाणी फिजिशियनकडे पाठवले. त्यांची सकाळची कॉर्टिसॉलची पातळी अगदी तळाला होती. ग्रंथी पुन्हा कामाला लागायला वर्ष लागले; तोवर हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या हळूहळू कमी करत नेल्या. चेहरा उतरला तेव्हा गावातले लोक म्हणाले, काका वाळले. गुडघे अजून दुखतात. त्यासाठी मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, आठ किलो वजन कमी आणि गरजेपुरती पॅरासिटामॉल, एवढ्यावर ते शेताच्या बांधापर्यंत जाऊन येतात.