गोष्टीतून भेटणारा प्रभू : कोणत्या कादंबऱ्या वाचाव्यात?



रविवारच्या मिस्सानंतर एका काकांनी आम्हाला अडवून विचारले, “फादर, पवित्र शास्त्र घरात असताना कादंबऱ्या कशाला वाचायच्या? जे घडलंच नाही, त्यात वेळ कशाला घालवायचा?” प्रश्न प्रामाणिक आहे. म्हणून आजच्या अभ्यासासाठी आम्ही तोच घेत आहोत.

आधी पवित्र शास्त्राकडेच जाऊ या. शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकाच्या १२ व्या अध्यायात नाथान संदेष्टा दावीद राजाकडे येतो. राजाने उरीयाची बायको घेतली आहे आणि उरीयाला मारविले आहे. नाथान त्याच्यावर थेट आरोप करीत नाही. तो एक गोष्ट सांगतो : एका गरिबाची एकुलती एक लाडकी मेंढी श्रीमंत शेजाऱ्याने हिरावून नेली. राजा संतापतो आणि त्या श्रीमंताला शिक्षा ठोठावतो. मगच नाथान राजाकडे बोट दाखवतो. ती मेंढी कधीच नव्हती, पण तिच्यामुळे दावीदाला आपले खरे पाप दिसले. कोणी दोष दाखवू लागला की आपण मनाचे दार लावून घेतो. गोष्ट मात्र त्या दाराच्या फटीतून आत येते.

प्रभू येशूनेही हेच केले. उधळ्या पुत्राचे गाव कोणते, असे आपण विचारत नाही. त्या घरातला मोठा भाऊ आपणच तर नाही ना, असे विचारतो. ग्रीक तत्त्ववेत्ता अ‍ॅरिस्टॉटल म्हणत असे की इतिहास घडलेले सांगतो, तर काव्य घडू शकणारे सांगते, आणि म्हणून काव्य तत्त्वज्ञानाच्या अधिक जवळचे असते. म्हणजे कल्पित आणि खोटे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खोटे बोलणारा फसवतो. दाखला सांगणारा डोळे उघडतो.

आता आम्हाला आवडलेली काही पुस्तके सांगतो.

१. यमुनापर्यटन (१८५७). बाबा पदमनजी यांचे हे पुस्तक. अनेक अभ्यासक याला मराठीतील पहिली कादंबरी मानतात. लेखक प्रॉटेस्टंट पंथाचे, १८५४ साली बाप्तिस्मा घेतलेले. यमुना आणि तिचा पती विनायकराव प्रवासाला निघतात. वाटेत त्यांना विधवांच्या दुःखाच्या कहाण्या समजतात. पुढे विनायकरावच मरण पावतो आणि जे इतरांचे ऐकले ते यमुनेच्या वाट्याला येते. शेवटी ती ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा, म्हणजे पुस्तकाच्या आदल्याच वर्षाचा. कथेत उपदेश जास्त आहे आणि भाषाही जुनी आहे. तरी मराठी कादंबरीने आपली पहिली पावले विधवेचे अश्रू पुसण्यासाठी टाकली, याचा आपणास अभिमान वाटावा.

२. यात्रेकरूची कथा. जॉन बन्यन या इंग्रज उपदेशकाने तुरुंगवासात लिहायला घेतलेले ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’ १६७८ साली प्रसिद्ध झाले. हरी केशवजी यांनी १८४१ मध्ये ते ‘यात्रिकक्रमण’ या नावाने मराठीत आणले. पाठीवर पापाचे ओझे घेऊन स्वर्गीय नगराकडे निघालेल्या माणसाची ही गोष्ट आहे. वारी पाहत वाढलेल्या आपल्या मराठी मनाला ती परकी वाटत नाही.

३. क्वो वादिस (१८९६). पोलंडचे लेखक हेन्रिक शेंकेविच यांना १९०५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. नीरोच्या रोममध्ये एक गर्विष्ठ सैनिक ख्रिस्ती मुलीच्या प्रेमात पडतो आणि हळूहळू तिच्या प्रभूला ओळखतो. रोम सोडून निघालेल्या पेत्राला वाटेत प्रभू भेटतो, हा प्रसंग शुभवर्तमानातला नाही. तो प्राचीन दंतकथेतला आहे, हे लक्षात ठेवावे.

४. ले मिझराब्ल (१८६२). व्हिक्टर ह्यूगोंच्या या कादंबरीतील बिशप आपली चांदीची भांडी चोरणाऱ्या जाँ वालजाँला पोलिसांपासून वाचवतात आणि वर चांदीच्या समयाही देतात. क्षमा चोराचे काय करते, हे पुढची शेकडो पाने सांगतात.

५. सायलेन्स (१९६६). जपानी कॅथलिक लेखक शुसाकू एंदो यांची ही कादंबरी छळाच्या काळातील येशूसंघी धर्मगुरूची आहे. ती मन अस्वस्थ करते. म्हणून प्रौढांनीच आणि शक्यतो कोणाशी तरी चर्चा करीत वाचावी.

सावधगिरीही हवी. २००३ साली आलेल्या ‘द दा विंची कोड’ने प्रभू येशूच्या विवाहाची कल्पना रंगवली आणि सुरुवातीलाच आपली कागदपत्रे खरी असल्याचे सांगितले. पुष्कळांचा गोंधळ झाला. कल्पित कथेने ‘मी कल्पित आहे’ हे लपवले की तिथे दाखला संपतो आणि फसवणूक सुरू होते.

पोप फ्रान्सिस तरुणपणी अर्जेंटिनात साहित्य शिकवीत असत. २०२४ मध्ये त्यांनी साहित्यवाचनाच्या महत्त्वावर खास पत्र लिहिले. दुसऱ्याचे दुःख आतून समजायला साहित्य शिकवते, असा त्याचा आशय आहे.

आणि इथे यमुना पुन्हा आठवते. आपल्या मराठवाड्यात कर्जापायी शेतकऱ्याने जीव दिला की मागे त्याची बायको उरते. लग्नात ती मागे उभी राहते, हळदीकुंकवाला तिला बोलावणे नसते. हे आपल्या ख्रिस्ती घरांतही घडते, हे आम्ही जड मनाने लिहीत आहोत. यमुनेसाठी आपण डोळे पुसू आणि शेजारच्या ताईला पंगतीत बोलावणार नसू, तर नाथानाचे बोट आपल्याकडेच आहे.

काकांना आमचे उत्तर एवढेच : पवित्र शास्त्र आधी, रोज. पण चांगली कादंबरी हाती आली तर तिला दाखला समजून वाचा. शहरात कॉलेजला असलेल्या मुलामुलींनी इंग्रजी पुस्तके वाचावीत आणि सुट्टीत सहस्रकुंडाला जाण्याइतक्याच हौसेने आजीला त्या गोष्टी मराठीत सांगाव्यात.

कुटुंबात चर्चेसाठी
१. दावीदाला गोष्ट ऐकून राग आला. आपणास कोणत्या गोष्टीने आपला दोष दाखवला?
२. आपल्या वस्तीत एकटी पडलेली ‘यमुना’ कोण आहे? या आठवड्यात तिच्या घरी कोण जाईल?

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू