शेततळ्यावरील गळ : दोरा कोणता घ्यावा ?

शेततळें मुख्यतः पिकाच्या पाण्यासाठीं असतें; तथापि त्यांत कटला, रोहू, मृगळ यांचें बीज सोडून जोडउत्पन्न काढण्याकडे आतां पुष्कळ शेतकऱ्यांचें लक्ष लागलें आहे. माल काढण्याचें खरें साधन जाळेंच होय. परंतु मधल्या महिन्यांत मासा किती वाढला हें पाहावयाचें असतां, अथवा घरच्यापुरते दोन मासे काढावयाचे असतां, सगळें तळें ढवळण्यापेक्षां गळ टाकणें सोईचें पडतें. याबाबत नेहमींची तक्रार अशी कीं, गळ हवा तितका लांब जात नाहीं. त्यावर बहुतेक जण शिशाचें वजन वाढवितात. वजन वाढलें म्हणजे दोरा तुटूं लागतो, म्हणून जाड दोरा घेतात. आणि जाड दोऱ्यामुळें फेक पुन्हां आंखूड होते. हें चक्र मोडावयाचें तर वजनाकडे न पाहतां प्रथम दोऱ्याकडे पाहिलें पाहिजे, असें आमचें मत आहे.

दोऱ्याची जाडी दुप्पट केली तर त्याचें बळ सुमारें चौपट होतें, हें खरें. पण त्याबरोबर हवेचा अडथळा दुप्पट होतो, दोऱ्याचें स्वतःचें वजन चौपट होतें, आणि एकेरी नायलॉनचा ताठपणा तर सोळापट होतो. ताठ दोरा चक्रीवर गुंडाळून राहिला म्हणजे त्यास वेटोळ्याची संवय लागते. फेकतांना तीं वेटोळीं सरळ न होतां काठीच्या कड्यांवर आपटत जातात, आणि लहानशा वजनाचा सारा जोर तेथेंच खर्चीं पडतो. किलो-दीड किलोच्या माशांसाठीं पाव मिलिमीटर जाडीचा नायलॉनचा दोरा पुरेसा आहे. तो सुमारें ४ किलो भार सोसतो व ८-१० ग्रॅम वजनानेंही चांगला जातो. चक्री मात्र भरलेली हवी. दोरा तिच्या कांठाखालीं साधारण २ मिलिमीटरपर्यंत आलेला असावा. अर्धी रिकामी चक्री असेल तर सुटणारा दोरा कांठावर घांसत राहतो, आणि नको तितकी भरली तर वेटोळ्यांचा गुंता एकदम बाहेर पडतो.

हलक्या वजनाचा आग्रह धरण्यास दुसरेंही कारण आहे. ज्या तळ्यांस प्लॅस्टिकचें अस्तर आहे तेथें तें अस्तर बहुधा ५०० मायक्रॉनचें, म्हणजे अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचें असतें. तळाशीं ओढला जाणारा गळ त्यास भोंक पाडण्यास समर्थ आहे, आणि एका भोंकानें जें पाणी जाईल त्याची किंमत दहा माशांनीं भरून येणार नाहीं. अशा तळ्यांत शिसें तळाला न टेकवितां पाण्यावर बूच तरंगतें ठेवून गळ अधांतरीं राखावा.

आतां गळाला लागून जो वेगळा तुकडा जोडतात, ज्यास शौकीन मंडळी लीडर म्हणतात, त्याकडे वळूं. पूर्वीं मुख्य दोरा विणलेल्या रेशमाचा असे व पाण्यांत उठून दिसे; म्हणून गळाजवळ रेशमाच्या किड्याची ग्रंथी ताणून केलेली पारदर्शक तात बांधीत. स्पेनमधील मुर्सिया प्रांत या धंद्यासाठीं प्रसिद्ध होता. तात आंखूड मिळे व वापरण्यापूर्वीं भिजवावी लागे. १९३५ सालीं अमेरिकेंतील ड्यू पाँट कंपनींत वॅलेस कॅरोथर्स यांच्या देखरेखीखालीं नायलॉन तयार झालें, आणि पुढें तातेची गरज सरली. पुढच्या तुकड्याची गरज मात्र सरली नाहीं.

हा तुकडा मुख्य दोऱ्याहून बळकट असावा कीं दुबळा, याचें एकच उत्तर नाहीं. तळ्यांत तो दुबळा हवा. ४ किलोच्या दोऱ्यापुढें अडीच-तीन किलोचा हातभर तुकडा बांधला म्हणजे मोठा कटला अडकून दोरा तुटलाच, तर तो गळाजवळ तुटतो. एरवीं मासा वीस हात दोरा मागें ओढीत जातो, तो दोरा शेवाळांत अथवा पंपाच्या नळाच्या जाळींत गुंततो, आणि मासा तेथें मरून कुजतो. उलट कोंकण किनाऱ्यावर जड शिसें दूर फेकणारांस पुढचा तुकडा जाड घ्यावा लागतो, कारण तेथें झटका माशाचा नसून फेकीचा असतो. २८ ग्रॅम शिशास सुमारें साडेचार किलो बळ, असा अनुभवी लोकांचा हिशेब आहे. म्हणजे १०० ग्रॅमांस १६ किलो. तो तुकडा काठीच्या दुपटीहून लांब घेऊन त्याचे पांचसहा वेढे चक्रीवर ठेवतात. हा नियम सोडून जोरानें फेकल्यास सुटलेलें शिसें शेजाऱ्याच्या डोक्यांत बसूं शकतें. मरळ मासा दांताळ असल्यानें त्याच्यासाठींही तुकडा जाडच पाहिजे.

फ्लुओरोकार्बन नांवाचा महाग दोरा पाण्यांत दिसत नाहीं म्हणून विकला जातो. पाण्याचा वक्रीभवनांक १·३३, त्याचा १·४२ व नायलॉनचा १·५३ च्या आसपास असल्यानें त्यांत तथ्य आहे. पण गढूळ शेततळ्यांत तो गुण वायां जातो. खडकाळ नदींत मात्र घांस सोसण्यासाठीं त्याचा उपयोग आहे. विणीचा पॉलिथिलीन दोरा त्याच बळाच्या नायलॉनहून पुष्कळ बारीक असल्यानें लांब जातो. तथापि तो ताणत नाहीं, माशाचा ओंठ फाडतो व फेकणाराचें बोटही कापतो. तो घेणारांनीं पुढें नायलॉनचा तुकडा अवश्य जोडावा.

दोरा बहुधा तुटतो तो गांठींत. गांठ ओढण्यापूर्वीं ओली करावी, नाहींतर घर्षणाच्या उष्णतेनें नायलॉन दुखावतें. नायलॉन पाण्यांत भिजल्यावर कांहींसें दुबळें होतें, व उन्हानें कायमचें. म्हणून छापील बळावर न विसंबतां दरवर्षीं परीक्षा घ्यावी : दोऱ्याचें टोंक गांठ मारून भिजवावें, त्यास रिकामी बादली टांगावी, व लिटरच्या मापानें पाणी ओतीत जावें. बादलीच्या वजनासह जितके लिटर तितके किलो. चारांच्या जागीं दोन-अडीच लिटरांतच तुटला तर तो दोरा काढून टाकावा.

काढलेला दोरा बांधावर मात्र फेकूं नये. सुती दोरा कुजे. नायलॉन वर्षानुवर्षें तसाच राहतो, पक्ष्यांच्या पायांत अडकतो, आणि गळासकट चाऱ्यांत गेला तर जनावराच्या जिवावर बेततें. तुकडे डब्यांत जमा करावे. तसेंच ज्या तळ्यावरून विजेच्या तारा गेल्या आहेत तेथें काठी उभारूं नये. कार्बनच्या काठींतून वीज सहज वाहते, व ओला दोराही भरंवशाचा नाहीं.