रेडिओ पत्रकार व्हायचंय? आधी कान तयार करा

पदवी हातात पडते आणि मुलगी जाहीर करते, ‘मला ब्रिटनला जाऊन ब्रॉडकास्ट जर्नलिझम करायचंय, त्यातही रेडिओ.’ मग घरात दोन प्रश्न हमखास निघतात. आता रेडिओ ऐकतं कोण? आणि तिकडे ही खाणार काय? माझ्याकडे सल्ल्यासाठी येणारे पालक दुसरा प्रश्न जरा संकोचून विचारतात, पण काळजी त्याचीच जास्त असते. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि रेडिओ पत्रकारितेचा एखादा साधा सराव नीट पाहिला तर दोन्हींवर बोलता येतं.

समजा, विद्यार्थ्यांना तीन मिनिटांचा वृत्तांत करायला सांगितला आहे. विषय आहे, उन्हाळी बार्बेक्यूत मांस न खाणाऱ्यांची सोय कशी होते? ब्रिटनमध्ये जून ते ऑगस्टमध्ये चांगलं ऊन पडलं की घरामागच्या बागेत कोळसा पेटतो, जाळीवर सॉसेज आणि बर्गर चढतात. विषय किरकोळ वाटेल. नवशिक्यासाठी मात्र मी निवडणुकीपेक्षा हाच विषय निवडेन, कारण इथे आवाज आहे, प्रत्येकाला मत आहे आणि तपासून घ्यावी अशी माहितीही आहे.

आवाजापासून सुरुवात करू. हलुमी हे सायप्रसचं चीज. ते सहजासहजी वितळत नाही, म्हणून थेट जाळीवर भाजता येतं. त्याची चुरचुर मिळवायची तर मायक्रोफोन जाळीजवळ न्यावा लागतो, तेलाचे शिंतोडे उडणार नाहीत इतपत दूर ठेवावा लागतो आणि अर्धा मिनिट हात अजिबात हलवायचा नसतो. माणसांशी बोलताना शेगडीपासून बाजूला जायचं, वाऱ्याकडे पाठ करायची, मायक्रोफोनवर फोमचं टोपण लावायचं. मायक्रोफोन तोंडाच्या अगदी समोर न धरता किंचित तिरका धरला की ‘प’ आणि ‘फ’ फटकन फुटत नाहीत. कानाला हेडफोन हवाच. आणि निघण्याआधी कुणी बोलत नसताना त्या बागेचा मिनिटभर नुसता आवाज रेकॉर्ड करायचा. नवी मुलं हे हटकून टाळतात. मग संपादनाला बसल्यावर प्रत्येक कापलेल्या जागी मागची पाखरं, गाड्या, वारा एकदम तुटतात आणि ते सांधायला हाताशी काहीच नसतं.

प्रश्न विचारणं याहून अवघड. ‘तुम्हाला शाकाहारी बर्गर आवडतो का?’ असं विचारलं की ‘हो’ एवढंच मिळतं, आणि ते कुठेच वापरता येत नाही. ‘मागच्या बार्बेक्यूला तुमच्या ताटात काय होतं?’ असं विचारून पाहा, माणूस सांगायला लागतो. तो बोलत असताना आपण ‘हं, हं’ करायचं नाही, नुसती मान डोलवायची. आपल्याकडे हुंकार देणं हा शिष्टाचार आहे, त्यामुळे मराठी मुलांना ही सवय मोडायला वेळ लागतो. उत्तर संपल्यावर लगेच पुढचा प्रश्न टाकायचा नाही. दोन क्षण थांबलं की अनेकदा कामाचं वाक्य तेव्हाच येतं. या विषयात ते बहुधा असं असतं: खायला मिळतं हो, पण ज्या चिमट्याने सॉसेज उलटलं त्यानेच माझं मशरूम उलटतात. बातमी इथे आहे. ‘वेगळी जाळी, वेगळा चिमटा’ याचा अर्थ शाकाहारी घरातल्या मराठी मुलीला कुणी समजावून सांगावा लागत नाही. तिला शिकायचं असतं ते उलटं: स्वतःचं मत बाजूला ठेवून यजमानालाही तितक्याच आस्थेने विचारणं की, बाबा, एका शेगडीवर वीस जणांचं करताना तुझी अडचण काय होते?

मग तपासणी. कुणीतरी छातीठोकपणे सांगेल, ‘सॉसेज म्हणजे सिगारेटच.’ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये प्रक्रिया केलेलं मांस तंबाखूच्याच गटात घातलं, हे खरं. पण तो गट ‘कर्करोग होतो याचा पुरावा किती पक्का आहे’ हे सांगतो, धोका किती मोठा आहे हे नाही. रोज 50 ग्रॅम असं मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा अंदाज होता. हा वाढीचा दर झाला. शंभरातल्या अठरा जणांना कर्करोग होतो, असा त्याचा अर्थ नाही. हा फरक ज्याला तीस सेकंदांत, सोप्या मराठीत किंवा इंग्रजीत सांगता आला, तो पत्रकार म्हणून तयार होतोय असं खुशाल समजा. इतिहासही हाताशी असावा: ब्रिटनमधली व्हेजिटेरियन सोसायटी 1847 ची, व्हीगन सोसायटी 1944 ची आणि गायक पॉल मॅकार्टनी यांच्या कुटुंबाची ‘मीट फ्री मंडे’ मोहीम 2009 ची. मात्र वृत्तांतात यातलं एकच साल घ्यावं. वाचक मागे जाऊन आकडा पुन्हा पाहू शकतो, ऐकणाऱ्याच्या हातून तो निसटतो.

खाण्याच्या काळजीचं उत्तर यातच बरंचसं आलं. 1888 मध्ये कायदा शिकायला लंडनला गेलेल्या गांधीजींना फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी खानावळ सापडली होती. आज तर तिथल्या साध्या सुपरमार्केटमध्येही शाकाहारी पदार्थांचे कप्पे असतात. मुलीला कामासाठी शेगडीशेजारी उभं राहावं लागेल. ताटात काय घ्यायचं ते तिचं ती ठरवेल.

आता नोकरी. इथे गोड बोलून चालणार नाही. भारतात खासगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा प्रसारित करण्याचीच मुभा आहे. म्हणजे रेडिओवर बातमीचं काम प्रामुख्याने आकाशवाणीतच, आणि तिथेही नैमित्तिक उद्घोषक किंवा वृत्तनिवेदक म्हणून मिळणाऱ्या कामाला कायम पगाराचा भरवसा नाही. पण हेच कौशल्य पॉडकास्ट, ऑडिओबुक, वृत्तसंकेतस्थळांचे ध्वनिविभाग, माहितीपट इथे चालतं. बीबीसी मराठी 2017 मध्ये सुरू झाली, आणि मराठी ऐकणारा आता मोबाइलवर आहे. ‘आरजे बनवतो’ म्हणणाऱ्या महागड्या शिकवण्यांपेक्षा मी लिहिता, विचारता आणि संपादन करता येणाऱ्या मुलांवर जास्त विश्वास ठेवते.

ब्रिटनला जायचंच असेल तर अभ्यासक्रमाला ब्रॉडकास्ट जर्नलिझम ट्रेनिंग काउन्सिलची मान्यता आहे का, ते आधी पाहा. आणखी एक गोष्ट पालकांना सहसा कुणी सांगत नाही. विद्यार्थी व्हिसावर पदवीच्या पातळीला सत्रकाळात आठवड्याला 20 तासांपर्यंत नोकरी करता येते, पण स्वयंरोजगार करता येत नाही. म्हणजे शिकता शिकता फ्रीलान्स वृत्तांत विकून खर्च काढू, हा हिशेब कागदावरच खोडून टाका. विद्यापीठाच्या स्टुडंट रेडिओत मात्र भरपूर शिकायला मिळतं. शिक्षणानंतर तिथे राहून काम करण्याचे नियम अलीकडे बदलत आहेत. ते एजंटच्या तोंडून ऐकू नका, ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा.

एवढा खर्च करण्याआधी हाच सराव इथे करून पाहता येतो. खानदेशात थंडीत शेतावर भरीत पार्ट्या होतात. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजतात, साल तडतडते, मिरची-लसूण ठेचला जातो, आणि मांसाचा पत्ता नसताना जेवणारे तृप्त होतात. तिथे मोबाइल, साधा कॉलर माइक आणि ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर एवढ्यावर तीन मिनिटांचा वृत्तांत होतो. पुण्यात विद्यापीठाची विद्यावाणी आहे, म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे. तुमच्या जिल्ह्यातही सामुदायिक रेडिओ केंद्र आहे का, चौकशी करा. तिथे गाव, शेती, आरोग्य, रीतीभाती यांवर कार्यक्रम करायला माणसं हवीच असतात. मुलाने किंवा मुलीने असे चार-पाच वृत्तांत पूर्ण केले आणि पुन्हा करावेसे वाटले, तर प्रवेशाचा अर्ज जरूर भरा. पहिल्याच संपादनाला कंटाळा आला, तर फीचे पैसे वाचले. आणि पालकहो, तो पहिला वृत्तांत घरात सगळ्यांनी एकत्र बसून, टीव्ही बंद करून, शेवटपर्यंत ऐका.