कलनाचे पहिले पुस्तक : निवडीचा प्रश्न आणि गद्याची कसोटी

१

कलन शिकू इच्छिणाऱ्या नवशिक्याने आरंभी कोणते पुस्तक हाती घ्यावे, हा प्रश्न वरवर पाहता गणिताच्या अध्यापकांचा आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी त्यात पडण्याचे कारण नाही, असे कोणासही वाटेल. परंतु पाठ्यपुस्तक हेही अखेर गद्यच असते. त्याला निवेदक असतो, त्याने गृहीत धरलेला वाचक असतो आणि त्या दोघांमध्ये एक अंतर असते. हे अंतर फार मोठे झाले की नवशिका पुस्तक मिटतो, आणि गणित आपल्या बुद्धीच्या पलीकडचे आहे असा निष्कर्ष काढतो. वास्तविक दोष पुष्कळदा बुद्धीचा नसून निवेदनाचा असतो. कलनाचे पहिले पुस्तक त्यातील विषयांच्या यादीवरून न निवडता त्याच्या गद्यावरून निवडावे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

चंदीगडसारख्या नगरात या प्रश्नाला विशेष धार येते. पंजाब विद्यापीठाच्या परिसरात इंग्रजी, हिंदी आणि पंजाबी अशा तीन भाषांतून शालेय शिक्षण घेतलेले विद्यार्थी एकत्र येतात. विज्ञानाच्या पदवीवर्गात मात्र त्यांच्यापुढे येणारे गणिताचे ग्रंथ बहुतेक इंग्रजी असतात. महाराष्ट्रातील स्थिती याहून फार निराळी नाही. मराठी माध्यमातून दहावी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी विज्ञानशाखेकडे वळला की त्याचे गणित बहुधा इंग्रजीत जाते. २०२१ पासून अभियांत्रिकी प्रवेशाची जेईई मेन ही परीक्षा मराठी व पंजाबी धरून तेरा भाषांत देता येते. परंतु परीक्षेची भाषा ही अभ्यासाची भाषा नव्हे. प्रश्न मराठीत वाचावा आणि त्यामागील विचार मात्र इंग्रजीत शिकलेला असावा, अशी ही विचित्र विभागणी आहे. यामुळेच पहिल्या पुस्तकाची निवड ही केवळ सोयीची बाब राहत नाही.

२

या प्रश्नाचा एक जुना आणि उद्बोधक दाखला या प्रदेशाच्या जवळच सापडतो. मास्टर रामचंद्र (१८२१–१८८०) हे मूळचे पानिपतचे. दिल्ली कॉलेजात त्यांनी गणित व विज्ञान शिकविले, उर्दूत नियतकालिके चालविली, आणि आयुष्याच्या उत्तरार्धात ते पतियाळा संस्थानात शिक्षणखात्याचे प्रमुख झाले. आजच्या चंदीगडपासून पतियाळा काही तासांच्या अंतरावरही नाही. १८५० मध्ये त्यांनी कलकत्त्यास स्वखर्चाने एक इंग्रजी ग्रंथ छापविला. महत्तम व लघुतम मूल्यांचे प्रश्न कलनाचा आधार न घेता केवळ बीजगणिताने कसे सोडवावेत, हा त्याचा विषय. कलकत्त्यातील समीक्षकांनी त्याचे स्वागत केले नाही. लंडनमधील गणिती ऑगस्टस द मॉर्गन यांच्या हाती मात्र तो पडला तेव्हा त्यांनी त्याचे मोल ओळखले, आणि १८५९ मध्ये त्यांच्या प्रस्तावनेसह त्याची लंडन आवृत्ती निघाली.

रामचंद्रांची रीत एका साध्या उदाहरणाने पाहू. एका आयताकृती वाफ्याला ४० मीटर कुंपण घालावयाचे आहे. क्षेत्रफळ अधिकात अधिक केव्हा होईल? एक बाजू क्ष धरली तर दुसरी २० − क्ष होते. क्षेत्रफळाला र म्हटले की क्ष(२० − क्ष) = र, म्हणजेच क्ष² − २०क्ष + र = ० असे वर्गसमीकरण मिळते. त्याची उकल क्ष = १० ± √(१०० − र). मुळाखालील राशी ऋण असेल तर अशी बाजू अस्तित्वातच येऊ शकत नाही. म्हणून र हा १०० हून अधिक होणे शक्य नाही, आणि तो १०० होतो तेव्हा क्ष = १०, म्हणजे वाफा चौरस असतो. येथे सीमा नाही, अवकलज नाही. शाळेतील वर्गसमीकरणाखेरीज काहीही नाही.

या रीतीच्या मर्यादा उघड आहेत. अधिक घातांच्या समीकरणांपर्यंत रामचंद्रांनी ती मोठ्या कौशल्याने नेली. पण प्रश्नात ज्या किंवा लघुगणक आले की ती लंगडी पडते. कलनाला ती पर्याय होऊ शकत नाही. तथापि नवशिक्याच्या दृष्टीने तिचा गुण निराळाच आहे. जे विद्यार्थ्यापाशी आधीपासून आहे त्याच्यावर ती उभी राहते. भारतीय विद्यार्थ्याचे बीजगणिताशी असलेले जुने नाते रामचंद्रांनी पाया म्हणून वापरले, आणि द मॉर्गन यांना नेमके हेच भावले. वाचकाला त्याच्या स्थानी जाऊन भेटणे, ही पहिल्या पुस्तकाची पहिली कसोटी होय.

३

दुसरी कसोटी गद्याची. आपल्या परंपरेत शास्त्र बहुधा पद्यात किंवा सूत्रात बांधले जात असे. सूत्र पाठांतराला सोपे असते. पण त्यामागील 'का' हा गुरुमुखातून यावा लागे. भास्कराचार्यांच्या 'सिद्धान्तशिरोमणी'त (११५०) ग्रहाच्या तात्कालिक गतीचा विचार आहे, आणि ज्यांमधील सूक्ष्म फरकाचा कोटिज्येशी संबंध तेथे दाखविला आहे. पुण्यात जन्मलेले व काशीस संस्कृत महाविद्यालयात अध्यापन केलेले बापूदेव शास्त्री यांनी १८५८ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या पत्रिकेत या मुद्द्याकडे लक्ष वेधले. परंतु भास्कराचार्यांचा श्लोक वाचून कोणी कलन शिकेल, असे म्हणता येणार नाही. तो श्लोक जाणत्यासाठी आहे.

याच्या उलट उदाहरण केरळातले. सुमारे १५३० च्या सुमारास ज्येष्ठदेवाने 'युक्तिभाषा' लिहिली. तिची भाषा संस्कृत नसून मलयाळम आहे, आणि रूप पद्याचे नसून गद्याचे आहे. वर्तुळाचा परिघ व ज्या यांच्या अनंत श्रेणी तीत केवळ सांगितलेल्या नाहीत, तर त्यांची युक्ती, म्हणजे उपपत्ती, पायरीपायरीने उलगडली आहे. एखादी राशी अनेक सूक्ष्म भागांत विभागावी, त्या भागांची बेरीज करावी, भाग आणखी लहान होत गेल्यास काय उरते ते पाहावे, असे तिचे निवेदन पुढे सरकते. कलनाच्या वाटेवरील इतका पुढचा विचार देशभाषेच्या गद्यात लिहिला गेला, ही भारतीय भाषांच्या अभ्यासकांनी ध्यानी ठेवावी अशी गोष्ट आहे. समजावून सांगण्याची वेळ आली तेव्हा ज्येष्ठदेवाने लोकांची भाषा आणि गद्य या दोहोंचा आश्रय केला.

मराठीतही हा प्रयत्न लवकर झाला. बाळशास्त्री जांभेकर (१८१२–१८४६) यांच्या ग्रंथांत 'शून्यलब्धिगणित' हा कलनावरील ग्रंथ नोंदला जातो. 'लब्धी' म्हणजे भागाकाराने येणारे फळ. दोन राशी शून्याकडे जात असता त्यांच्या भागाकाराचे काय होते, हा कलनातील मध्यवर्ती प्रश्न या नावातच सूचित झालेला दिसतो. आज रूढ असलेले 'अवकलन' व 'समाकलन' हे शब्द अधिक नेटके आहेत; मराठी व हिंदी या दोन्ही भाषांना ते समान असल्याने कोल्हापूरचा विद्यार्थी चंदीगडला गेला तरी त्याला ते ओळखीचे वाटतील. पण ते उघडून दाखवावे लागतात. 'कलन' म्हणजे गणना. इंग्रजीत रूढ झालेल्या 'कॅल्क्युलस' या लॅटिन शब्दाचा अर्थ तर मोजण्यासाठी वापरावयाचा खडा. परिभाषा देऊन तिचा अर्थ न उलगडणारे पुस्तक इंग्रजीत असो वा मराठीत, नवशिक्याला सारखेच परके राहते.

४

तिसरी कसोटी क्रमाची आहे. कलनाचा इतिहास आणि त्याची तार्किक मांडणी यांचा क्रम परस्परविरुद्ध आहे. न्यूटन व लायब्निझ यांनी सतराव्या शतकात वेग, स्पर्शिका आणि क्षेत्रफळ यांचे प्रश्न सोडविले. सीमेची काटेकोर व्याख्या एकोणिसाव्या शतकात कोशी व वायरश्ट्रास यांच्या हातून सिद्ध झाली. तर्काच्या दृष्टीने जे प्रथम येते ते इतिहासात सर्वांत शेवटी आले. म्हणून पहिल्याच पानावर ती व्याख्या ठेवणारे पुस्तक, न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देऊ लागते.

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचे, म्हणजेच एन.सी.ई.आर.टी.चे, अकरावीचे पुस्तक या बाबतीत आदर्श ठरावे. त्यातील सीमा व अवकलज यांचे प्रकरण उंचावरून पडणाऱ्या वस्तूपासून सुरू होते. ट सेकंदांत वस्तू ४.९ट² मीटर खाली येते. तर दुसऱ्या सेकंदाच्या क्षणी तिचा वेग किती? १.९ ते २ सेकंद या अवधीत सरासरी वेग १९.११ मीटर प्रतिसेकंद येतो, २ ते २.१ या अवधीत २०.०९ येतो. अवधी आणखी आखडून २ ते २.०१ घेतला तर तो १९.६४९ होतो. दोन्ही बाजूंनी आकडे १९.६ च्या जवळ येत आहेत, हे विद्यार्थी स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो, आणि 'सीमा' या शब्दाची गरज त्याला आपोआप भासते. हे पुस्तक हिंदीतही उपलब्ध असल्याने हिंदी माध्यमातील विद्यार्थ्याचीही सोय होते.

सिल्व्हेनस थॉम्पसन यांचे 'कॅल्क्युलस मेड ईझी' (१९१०) याच जातीचे आहे. आरंभी लेखकाचे नाव न घालता प्रसिद्ध झालेले हे छोटे पुस्तक चिन्हांची भीती प्रथम घालविते. अवकलनाचे चिन्ह म्हणजे राशीचा अगदी लहानसा अंश, समाकलनाचे चिन्ह म्हणजे अशा अंशांची बेरीज, इतक्या साधेपणाने ते विषयाला हात घालते. १९९८ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी त्याची सुधारलेली आवृत्ती सिद्ध केली. काटेकोरपणाच्या दृष्टीने त्यात उणिवा आहेत, आणि केवळ त्यावर विसंबून राहणाऱ्यास पुढे अडचण येईल. पण लेखक वाचकाशी बोलतो आहे, हे त्याच्या प्रत्येक वाक्यात जाणवते.

याच्या दुसऱ्या टोकाला जी. एच. हार्डी यांचे 'अ कोर्स ऑफ प्युअर मॅथेमॅटिक्स' (१९०८) आणि मायकेल स्पिव्हॅक यांचे 'कॅल्क्युलस' (१९६७) हे ग्रंथ आहेत. त्यांच्या थोरवीविषयी वाद नाही. परंतु ती दुसरी पुस्तके होत. ज्याला कलन वापरता येऊ लागले आहे आणि आता ते खरे का, हे जाणून घ्यावयाचे आहे, त्याच्यासाठी ती आहेत. भारतीय महाविद्यालयांत अनेक पिढ्यांनी वापरलेली शांतीनारायण यांची पुस्तके यांच्या मधे बसतात. त्यांचे बळ उदाहरणसंग्रहात आहे; सरावासाठी ती उत्तम, पण परीक्षेच्या घाईत पहिले वाचन त्यांच्यापासून सुरू केल्यास रीती हाती येतात आणि कल्पना निसटतात.

५

या विवेचनातून निवडीची एक व्यवहार्य पद्धत सुचते. पुस्तक विकत घेण्यापूर्वी त्यातील दोन ठिकाणे वाचावीत. पहिले, जेथे अवकलज प्रथम अवतरतो ते पान. तेथे व्याख्येच्या आधी एखादा प्रश्न उभा केला आहे काय, हे पाहावे. दुसरे, फलाच्या फलाचे अवकलन, म्हणजे साखळीनियम, जेथे येतो ते पान. हा नियम सांगणे सोपे आणि समजावणे अवघड असल्याने लेखकाची खरी परीक्षा तेथे होते. 'हे उघड आहे', 'सहज दिसून येईल' अशी वाक्ये जेथे नेमक्या अवघड जागी येतात, तेथे लेखकाने वाचकाचा हात सोडला असे समजावे. शिवाय उत्तरे दिलेली आहेत काय, आणि आरंभीची उदाहरणे बीजगणिताच्या गुंतागुंतीत हरवत नाहीत ना, हेही पाहणे इष्ट. पुष्कळांची अडचण कलनात नसून त्याआधीच्या बीजगणितात असते. अशा विद्यार्थ्याने प्रथम रामचंद्रांच्या धर्तीची काही उदाहरणे सोडवावीत, यात कमीपणा नाही.

स्वतःच्या बळावर अभ्यास करणाऱ्याने एकाऐवजी दोन पुस्तके जोडीने ठेवावीत, असे सुचवावेसे वाटते : कल्पनेसाठी थॉम्पसन यांचे, आणि क्रम व सराव यांसाठी एन.सी.ई.आर.टी.ची अकरावी-बारावीची पुस्तके. एकाच कल्पनेची दोन निवेदने शेजारी ठेवली की कल्पना आणि तिचे शब्द वेगळे दिसू लागतात. शक्य तेथे प्रत्येक प्रकरणाचे सार स्वभाषेत चार वाक्यांत लिहून पाहावे. जे स्वभाषेत लिहिता येत नाही ते अद्याप समजलेले नाही, असे मानण्यास हरकत नाही.

साहित्याच्या अभ्यासकांपुढे यातून एक कार्यही उभे राहते. आपण कथा-कादंबरीच्या गद्याचा इतिहास बारकाईने लिहिला. शास्त्रीय गद्याकडे मात्र परिभाषाकोशांपलीकडे फारसे पाहिले नाही. 'युक्तिभाषा' ते 'शून्यलब्धिगणित', आणि तेथून आजची पाठ्यपुस्तके, हा समजावून सांगणाऱ्या गद्याचा एक स्वतंत्र प्रवाह आहे. त्या गद्याची वाक्यरचना कशी घडली, कोठे ती अनुवादाच्या ओझ्याखाली वाकली, कोठे मोकळी झाली, हे तपासले पाहिजे. त्या तपासणीवाचून मराठीत वा पंजाबीत कलनाचे नवे चांगले पुस्तक लिहिले जाणे कठीण आहे. आणि असे पुस्तक हाती नसताना, देशी भाषेतून शिकलेला विद्यार्थी गणितापासून दूर का जातो, याबद्दल त्या विद्यार्थ्याला बोल लावण्याचा अधिकार आपणांस पोहोचत नाही.