प्रोसेसर घेण्याआधी मदरबोर्डाची यादी बघा

जुन्या डेस्कटॉपमध्ये नवा प्रोसेसर टाकायचा म्हटलं की बहुतेक जण फक्त सॉकेट जुळतो का ते बघतात. दुकानातही तेवढंच विचारलं जातं. पण सॉकेट ही फक्त पहिली पायरी आहे. प्रोसेसर चालणार की नाही हे चिपसेट, बायॉस आणि प्रोसेसरला वीज पुरवण्याची बोर्डाची ताकद यांवर ठरतं. हे मी पैसे आणि ऐन मोसमातले कामाचे दिवस घालवून शिकलो. ती वेळ दुसऱ्या कुणावर येऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

माझं काम डीटीपीचं. गणपती उरकले की दिवाळी अंकांची पानं, जाहिराती आणि प्रुफांच्या दुरुस्त्या एकदम अंगावर येतात. काही वर्षांपूर्वी माझ्या मशीनमध्ये इंटेलच्या सहाव्या पिढीचा आय३-६१०० आणि एच११० चिपसेटचा बोर्ड होता. कोर दोनच. मोठ्या अंकाची पीडीएफ काढायला लावली की ती होईपर्यंत दुसरं काही करता यायचं नाही. रॅम वाढवून झाली होती, एसएसडीही बसवून झाली होती. आता प्रोसेसरच बदलायचा असं ठरवून सहा कोरचा आय५-८४०० बघितला. काउंटरवर बोर्डाचं मॉडेल सांगितलं, तर उत्तर आलं, "तुमचा सॉकेट एलजीए ११५१, हाही ११५१. बिनधास्त न्या."

प्रोसेसर सॉकेटमध्ये अलगद बसला. खाचा जुळल्या, लिव्हर नेहमीसारखी खाली आली, पंखा फिरायला लागला. पण मॉनिटरवर ‘नो सिग्नल’. रॅम काढून पुन्हा लावली, बायॉसची बॅटरी काढून सेटिंग पुसून पाहिलं, स्क्रीन काळी ती काळीच. जुना आय३ परत बसवला आणि मशीन लगेच सुरू झालं. म्हणजे बोर्ड ठणठणीत होता. नवा प्रोसेसरही चांगलाच होता. दुकानात दुसऱ्या बोर्डावर तो लगेच चालला. म्हणूनच सील तोडलेला बॉक्स परत घ्यायला दुकानाने नकार दिला आणि तो प्रोसेसर मला घाट्यात विकावा लागला.

यामागचं कारण नंतर नीट समजून घेतलं. इंटेलने ऑक्टोबर २०१७ मध्ये आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर आणले, तेव्हा सॉकेटचं नाव एलजीए ११५१ हेच ठेवलं, पण पिनांची वाटणी बदलली. वीज देणाऱ्या पिना १२८ वरून १४६ झाल्या, ग्राउंडच्या पिनाही वाढल्या आणि आधी राखीव ठेवलेल्यांपैकी बऱ्याच वापरात आल्या. त्यामुळे सहावी आणि सातवी पिढी १०० व २०० मालिकेच्या चिपसेटवर चालते, तर आठव्या-नवव्या पिढीला ३०० मालिकेचा बोर्ड लागतो. आकार एकच, खाचा त्याच, पण दोघांचा मेळ नाही.

पुढच्या सॉकेटमध्येही असेच फाटे आहेत. एलजीए १२०० वर दहावी आणि अकरावी पिढी येते, पण बी४६० आणि मूळ एच४१० चिपसेट अकराव्या पिढीला चालत नाहीत. झेड४९० आणि एच४७० चालतात. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर रायझनच्या कितीतरी पिढ्या आल्या, तरी जुन्या बी४५० बोर्डावर रायझन ५६०० बसवायचा तर आधी बायॉस अपडेट करावं लागतं.

म्हणून खरेदीआधी काय करायचं ते क्रमाने सांगतो.

आधी आपल्या बोर्डाचं नेमकं मॉडेल शोधा. विंडोजच्या सर्चमध्ये ‘सिस्टम इन्फर्मेशन’ उघडा. तिथे ‘बेसबोर्ड प्रॉडक्ट’समोर मॉडेल आणि ‘बायॉस व्हर्जन’समोर आवृत्ती व तारीख मिळते. सीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअरही हेच दाखवतं. काही बोर्डांच्या एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या रिव्हिजन असतात; ती बोर्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलेली असते. कॅबिनेट उघडून तिचा फोटो काढून ठेवा.

मग बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचं सपोर्टचं पान उघडून सीपीयू सपोर्ट लिस्ट काढा. आपला शब्द किंवा दुकानदाराचा शब्द यापेक्षा ही यादी मोठी. तिच्या प्रत्येक ओळीत प्रोसेसरचं नाव, बहुधा त्याचे वॅट आणि तो कोणत्या बायॉस आवृत्तीपासून चालतो हे दिलेलं असतं. माझ्या बोर्डाच्या यादीत आय५-८४०० नव्हताच. सातव्या पिढीचा आय५-७५०० मात्र होता आणि त्याच्यासमोरची बायॉस आवृत्ती माझ्याकडच्यापेक्षा नवी होती. जुना आय३ बोर्डावर असतानाच बायॉस अपडेट केलं, मग सेकंडहँड आय५-७५०० आणून बसवला. तो पहिल्याच वेळी सुरू झाला आणि त्या वर्षीचे राहिलेले अंक त्याच्यावरच पार पडले.

हा क्रम फार महत्त्वाचा आहे. जुना प्रोसेसर चालू असतानाच बायॉस अपडेट करा, तो विकून टाकल्यावर नाही. काही बोर्डांवर प्रोसेसर नसतानाही पेनड्राइव्हवरून बायॉस भरायची सोय असते, पण ती आपल्या बोर्डावर आहे का हे मॅन्युअलमध्ये बघा. अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. भारनियमनाच्या भागात तर यूपीएसशिवाय हे काम करूच नका. ड्राइव्हवर बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा. बायॉस किंवा प्रोसेसर बदलल्यावर विंडोज ती मागू शकते आणि ती नसेल तर डेटा अडकतो.

यानंतर बाकीच्या गोष्टी. प्रोसेसरच्या नावात शेवटी ‘एफ’ असेल, जसं आय५-१२४००एफ, तर त्यात ग्राफिक्स नसतं. एएमडीच्या रायझन ५६०० मध्येही ते नाही, ५६००जी मध्ये आहे. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर चालू प्रोसेसरवरही स्क्रीन काळीच राहील. रॅमही तपासा: एएम५ बोर्डावर फक्त डीडीआर५ चालते, एलजीए १७०० चे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत मिळतात, आणि एकाची रॅम दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये जात नाही. एलजीए १२०० चा कूलरही एलजीए १७०० वर सरळ बसत नाही, कारण स्क्रूच्या भोकांमधलं अंतर वेगळं आहे. स्वस्तातल्या छोट्या बोर्डावर जास्त वॅटचा प्रोसेसर घालू नका. तो सुरू होईल, पण तासन्‌तास काम दिलं की वीज पुरवणारा भाग तापतो आणि वेग खाली येतो.

आणि शेवटी हिशोब करा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. काही मोजके अपवाद सोडले तर विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी किंवा रायझनची २००० मालिका लागते. तुमच्या बोर्डाची यादी सातव्या पिढीवर संपत असेल, तर त्यात आणखी पैसे घालण्यापेक्षा बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम एकत्र बदलणं बहुतेकांना परवडतं. हवा तो प्रोसेसर यादीत असेल आणि सेकंडहँड स्वस्तात मिळत असेल, तर मात्र जुनं मशीन आणखी काही वर्षं नक्की निघतं.

लॅमिंग्टन रोडला जा, तपकीर गल्लीत जा किंवा ऑनलाइन मागवा, यादीतल्या त्या ओळीचा स्क्रीनशॉट फोनमध्ये ठेवा. दुकानदाराला तो दाखवा, बोर्डाच्या मॉडेलसकट व्हॉट्सॲपवर पाठवून होकार घ्या, न चालल्यास बदलून मिळेल का ते विचारा आणि पक्क्या बिलावर प्रोसेसरचं पूर्ण नाव लिहून घ्या. चांगला दुकानदार यासाठी कधीच कुरकुर करत नाही. जो करेल, त्याच्याकडून घेऊ नका.